राष्ट्रपतींचे अधिकार, निवड आणि हकालपट्टी : घटनादुरुस्ती लिहायचीच झाली तर काय लिहाल?

बालाघाटी (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात दरवर्षी अभिरूप संसद भरते. यंदा मुलांनी पाणी, रस्ते, रेल्वे हे नेहमीचे विषय बाजूला ठेवले आणि राष्ट्रपतिपदाबद्दलचं घटनादुरुस्ती विधेयक आणायचं ठरवलं. मी मार्गदर्शक, म्हणजे दोन्ही बाकांकडून बोलणी खाणारा.

सत्ताधारी बाकाने आणलेला पहिला मसुदा असा : राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा. उमेदवार किमान पदवीधर असावा. मंत्रिमंडळाचा सल्ला देशहिताविरुद्ध वाटला तर तो फेटाळायचा अधिकार राष्ट्रपतींना असावा. आणि काम पसंत नसेल तर जनतेने मतदान करून त्यांना घरी पाठवावं.

पोरांचं म्हणणं सरळ आहे : सरपंच थेट, नगराध्यक्ष थेट, मग राष्ट्रपतीच का आडून? डिसेंबरात नगराध्यक्षाच्या प्रचाराचे भोंगे त्यांनी आठवडेच्या आठवडे ऐकलेत, त्यामुळे हे डोक्यात पक्कं बसलंय.

मला पहिलं आणि तिसरं कलम धोक्याचं वाटतं, दुसरं निरुपयोगी. चौथ्याबद्दल ऐकायला आवडेल. पण माझं मत त्यांच्यावर लादायचं नाही. तुम्ही भांडा, मी प्रतिसाद छापून वर्गात लावतो. अट एकच, आताच्या पक्षांवर घसरू नका.

दख्खनी

शेवटची अट पाळली तर धागा चार प्रतिसादांत आटोपेल सर.

वकील_परभणी

सर, मुलांना आधी कलम ५२ ते ६२ वाचायला द्या, मग ७४ आणि १११. फार पानं नाहीत. अर्धं भांडण तिथेच मिटतं.

निवड : संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मत देतात (दिल्ली आणि पुदुच्चेरीही धरून). नामनियुक्तांना मत नाही. पात्रता : भारताचा नागरिक, वय ३५ पूर्ण, लोकसभेचा सदस्य व्हायला पात्र, लाभाचं (सरकारी पगार-भत्त्याचं) पद नको. शिक्षणाची अट शून्य. मुदत पाच वर्षं, पुन्हा उभं राहायला आडकाठी नाही. हटवायचं तर कलम ६१, कारण एकच : संविधानाचा भंग.

आता एक गंमत, जी विरोधी बाकाने नक्की वापरावी. घटनादुरुस्तीच्या कलम ३६८ प्रमाणे काही कलमांना हात लावायचा तर संसदेच्या विशेष बहुमतावर भागत नाही, निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यता द्यावी लागते. निवडणुकीची ५४ आणि ५५ ही कलमं त्या यादीत आहेत. पण पात्रतेचं ५८, हकालपट्टीचं ६१, सल्ल्याचं ७४, विधेयकांच्या संमतीचं १११, ही यादीत नाहीत. म्हणजे राष्ट्रपती कसा निवडायचा हे बदलायला राज्यांना विचारावं लागतं. त्यांना हटवायची रीत किंवा त्यांचे अधिकार दिल्लीतल्या दिल्लीत बदलता येतात. तुमच्या पोरांचं पहिलं कलम सर्वांत अवघड आणि तिसरं त्या मानाने सोपं. त्यांना उलट वाटत असेल.

काळीमाती (कळंब)

राम राम सर. लेकरं म्हणलालेत ते ऐकायला गोड हाय. मी थेट सरपंचाच्या काळात उपसरपंच व्हतो, म्हनून सांगतो.

आमच्या गावात सरपंच एका पॅनलचा निवडून आला अन् सदस्य दुसऱ्या पॅनलचे जास्त. झालं! सरपंच म्हणायचा मला गावानं निवडलंय, सदस्य म्हणायचे आमाला काय शेजारच्या गावानं निवडलंय का? ठराव सरपंचाला पायजे तो हुईना अन् आमाला पायजे त्यावर त्यो सही करीना. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा खात्यावर बसून राहिला. ग्रामसेवक बिचारा दोन्हीकडून पिचला.

कायद्यानं काढायचा म्हणलं तर पयले दोन वर्षं अविश्वास आणता येत न्हाई. पुढं तीन चतुर्थांश सदस्य पायजेत, त्यावर पुन्हा ग्रामसभेत गुप्त मतदान. आमी त्या वाटंला गेलोच न्हाई. भांडत मुदत संपवली.

आता हेच दिल्लीत करून बगा म्हणावं. तिथं एक बाजूला पंतप्रधान, एक बाजूला जनतेचा राष्ट्रपती. फौज कुनाचं ऐकणार?

सातमाळा (छत्रपती संभाजीनगर)

काळीमाती दादा, मुद्दा जोरदार आहे, पण यातून थेट निवडणूक वाईट असं सिद्ध होत नाही. अधिकार नीट वाटले नव्हते एवढंच दिसतं. सरपंचाकडे कामाचे खरे अधिकार असतात, म्हणून अडवाअडवी होते. आयर्लंडचं उदाहरण घ्या. तिथे १९३७ च्या संविधानापासून राष्ट्रपती जनता निवडते, मुदत सात वर्षं, आणि अधिकार मोजकेच. कारभार पंतप्रधानच चालवतो. ऑस्ट्रियातही थेट निवडणूक आहे. आपण मार्गदर्शक तत्त्वं आणि राज्यसभेतल्या नामनियुक्त सदस्यांची कल्पना आयर्लंडकडूनच घेतली, हेही घेता आलं असतं.

शिवाय आता मतदार कोण आहेत? २०२२ मध्ये ४,०३३ आमदार आणि ७७६ खासदार, मिळून ४,८०९ माणसं. एकशे चाळीस कोटींच्या देशाचा प्रमुख निवडायला.

गोदातीर (नांदेड)

सातमाळा, बाळ, हीच मागणी संविधान सभेत प्रा. के. टी. शाह यांनी केली होती. थेट निवडून आलेला राष्ट्रपती, खरे अधिकार असलेला. नेहरूंचं उत्तर होतं की अख्ख्या देशाने प्रौढ मतदानाने निवडायचं आणि मग त्याला काही अधिकारच द्यायचे नाहीत, हे विसंगत दिसेल. आणि डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना सांगितलं की आपला राष्ट्रपती राज्याचा प्रमुख आहे, कार्यकारी सत्तेचा नाही. इंग्लंडच्या राजाचं जे स्थान ते त्याचं. शाह तेवढ्यावर थांबले नाहीत. १९५२ ला पहिल्या निवडणुकीत राजेंद्रबाबूंच्या विरोधात उभेच राहिले. पडले, पण दुसऱ्या क्रमांकावर होते.

त्या १९५२ च्या निवडणुकीत मराठवाड्याच्या आमदारांनी कुठे मत दिलं असेल सांगा पाहू? मुंबईत नाही, हैदराबादेत. आपण तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. आणि त्या राज्याचा प्रमुख राज्यपाल नव्हता, राजप्रमुख होता : खुद्द निजाम, मीर उस्मान अली. २६ जानेवारी १९५० पासून राज्य पुनर्रचना होईपर्यंत, म्हणजे १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत. सप्टेंबर १९४८ ला ज्याच्या राजवटीतून सुटलो, तोच दीड वर्षाने संविधानाखाली आपला राज्यप्रमुख! माझे वडील स्टेट काँग्रेसमध्ये होते, त्यांना हे शेवटपर्यंत पचलं नाही. पण ते एक सांगायचे : निजामाच्या हातात आता मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय काही उरलं नव्हतं, म्हणूनच ते चाललं. माणूस तोच, संविधानाने त्याची नखं काढली.

म्हणून पदावर कोण आणि कसा आला यापेक्षा त्याच्या हातात काय दिलंय ते आधी बघावं, असं माझं मत.

दख्खनी

काका, हा प्रतिसाद शाळेच्या पुस्तकात घ्यायला हवा. राजप्रमुख हे प्रकरण आमच्या पिढीला कुणी शिकवलंच नाही. १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की इतिहास संपतो.

वकील_परभणी

> अधिकार नीट वाटले नव्हते एवढंच दिसतं

सातमाळा ताई, आयर्लंडमध्ये उमेदवारीचं दार बघा. संसदेचे २० सदस्य किंवा चार स्थानिक परिषदांचा पाठिंबा असेल तरच उभं राहता येतं. एकच उमेदवार उरला तर मतदानच होत नाही. आणि देश केवढा, तर आपल्या विभागापेक्षाही कमी वस्तीचा. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रपतीला कागदावर सरकार बरखास्त करण्याचाही अधिकार आहे, तो वापरत नाही ही तिथली रीत. रीतीवर भिस्त ठेवायची असेल तर मग संविधान कशाला बदलायचं?

आपल्याकडे थेट निवडणूक म्हणजे नांदेडपासून नागालँडपर्यंत सभा. सभेत उमेदवार काय सांगणार, ‘मला निवडा, मी मंत्रिमंडळ सांगेल तिथे सही करीन’? तो पीकविम्याचं, आरक्षणाचं, पाण्याचं आश्वासन देणारच. पन्नास कोटी मतं घेऊन रायसीना टेकडीवर गेलेला माणूस पुढे पाच वर्षं गप्प बसेल असं मला वाटत नाही.

काळीमाती (कळंब)

हेच तर म्हणलालो मी!

सातमाळा (छत्रपती संभाजीनगर)

बरं, प्रचाराचा मुद्दा मान्य. तरी आताच्या पद्धतीत आपला आवाज किती, हा हिशेब मांडून बघू. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. १९७१ च्या जनगणनेची लोकसंख्या भागिले २८८ भागिले हजार. मराठवाड्याचे आमदार ४६, म्हणजे ८,०५०. लोकसभेचे आठ खासदार, २०२२ ला प्रत्येकी ७००, म्हणजे ५,६००. एकूण १३,६५०. त्या वर्षीचं सगळ्यांचं एकूण मूल्य १०,८६,४३१ होतं. आपला वाटा सव्वा टक्का.

आणि १९७१ का? कुटुंब नियोजन करणाऱ्या राज्यांना फटका बसू नये म्हणून ४२ व्या दुरुस्तीने आकडा गोठवला, ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलला.

दख्खनी

सव्वा टक्का म्हणजे बरंय की. अनुशेषात, म्हणजे विकासाच्या थकबाकीत, आमचा वाटा यापेक्षा मोठा असतो.

बालाघाटी (अंबाजोगाई)

हा हिशेब फळ्यावर जाणार, धन्यवाद ताई. आता तिसऱ्या कलमाकडे येऊ, सल्ला फेटाळण्याच्या अधिकाराकडे. ‘राष्ट्रपती रबरी शिक्का आहेत’ हे पोरांनी कुठून तरी घोकलंय.

गोदातीर (नांदेड)

सर, तुमच्या मुलांना एक गोष्ट सांगा, आपल्या घरातली आहे. १ सप्टेंबर १९५१ ला राजेंद्रबाबू औरंगाबादला आले होते. नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री. राष्ट्रपती आणि ज्याने त्या पदाची चौकट आखली तो माणूस, दोघे एका कार्यक्रमात.

त्याच महिन्यात १५ तारखेला राजेंद्रबाबूंनी नेहरूंना पत्र लिहिलं की हिंदू कोड बिलाबाबत मी स्वतःच्या विवेकाप्रमाणे वागू इच्छितो. म्हणजे संसदेने मंजूर केलं तरी मी संमती देईनच असं नाही. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांना विचारलं. दोघांचं मत एकच : राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. बिल तसंही रखडलंच, आणि २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

त्या वेळी राष्ट्रपतींच्या हाती मुलांच्या मसुद्यातलं तिसरं कलम असतं तर? मुलींना बापाच्या इस्टेटीत वाटा देणारी सुधारणा एका माणसाच्या विवेकावर अडली असती. पुढे १९५५-५६ ला ते कायदे तुकड्यांनी झाले, राजेंद्रबाबूंनीच सह्या केल्या. १९६० ला मात्र त्यांनी भाषणात तो प्रश्न पुन्हा काढला, राष्ट्रपतींचे अधिकार नेमके किती याचा अभ्यास व्हावा म्हणून. माणूस निष्ठावान आणि साधा, पण पदावर बसलं की हातात काय आहे हे चाचपून बघावंसं वाटतंच.

सातमाळा (छत्रपती संभाजीनगर)

काका, दुसरी बाजूही आहेच की. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झाली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. तिथे विवेक वापरणारा राष्ट्रपती हवा होता ना?

वकील_परभणी

हवा होता. आणि त्यावरचं औषध जनता सरकारने १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीत दिलं, तेही अधिकार न वाढवता. ४२ व्या दुरुस्तीने सल्ला बंधनकारक असं स्पष्ट लिहिलं होतं. ४४ व्या दुरुस्तीने एक खिडकी ठेवली : राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, पुन्हा तोच आला तर मात्र मान्य करायचा. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय घोषणा करायची नाही, हेही तेव्हाच आलं.

ही खिडकी लहान दिसते, पण चालते. १९९७ ला उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी बिहारबाबत तसंच. २००६ ला कलामसाहेबांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत केलं, संसदेने ते जसंच्या तसं मंजूर केलं आणि त्यांनी सही केली. सरकारला एकदा जाहीरपणे थांबून विचार करावा लागला, एवढं पुरे. फेटाळण्याचा अधिकार दिला असता तर नारायणन यांचा निर्णय आपल्याला आवडला असता आणि पुढच्या कुणाचा तरी नसता.

खरं भोक दुसरीकडे आहे : मुदत. १११ व्या कलमात विधेयकावर किती दिवसांत निर्णय घ्यायचा हे लिहिलेलंच नाही. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक, लोकांची पत्रं फोडायचा अधिकार देणारं, झैलसिंग यांनी ना सही केली ना परत पाठवलं. नुसतं ठेवून दिलं. वेंकटरामन यांनी ते १९९० ला परत पाठवलं आणि शेवटी २००२ ला सरकारनेच मागे घेतलं. त्या विधेयकाचं मेलेलं बरं, हे खरं. पण ज्या दाराने वाईट विधेयक अडतं त्याच दाराने चांगलंही अडतं. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेलं महिलांवरच्या अत्याचारांबाबतचं शक्ती विधेयक आठवा. राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं.

दयेच्या अर्जांचंही तेच. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली, कारण अर्जाच्या निकालाला लागलेला उशीर.

दख्खनी

मुदत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली होती ना मधे?

वकील_परभणी

दिली होती, टिकली नाही. ८ एप्रिल २०२५ ला तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींसाठी तीन महिने सांगितले. मे महिन्यात राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली सर्वोच्च न्यायालयालाच १४ प्रश्न विचारले. २० नोव्हेंबरला सरन्यायाधीश गवई यांच्या पाच सदस्यांच्या पीठाने मत दिलं : संविधानात नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही, आणि मुदत संपली म्हणून संमती मिळाली असं गृहीतही धरता येत नाही. म्हणजे मुदत हवी असेल तर घटनादुरुस्तीच हवी. सर, मुलांच्या विधेयकाला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही. वर्तमानपत्रातली कात्रणंही ताजी आहेत.

गोदातीर (नांदेड)

वकीलसाहेब मुदतीचं म्हणाले आणि माझं जुनं दुखणं जागं झालं. आपल्या मराठवाड्यासाठी राष्ट्रपतींना दिलेला एक खास अधिकार संविधानात आहे. कलम ३७१, पोटकलम २. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळं नेमण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याचा आदेश राष्ट्रपती काढू शकतात. आज आहे ते ३७१ आलं १९५६ मध्ये, सातव्या दुरुस्तीने. दांडेकर समितीने अनुशेष मोजला, १९८४ ला विधिमंडळाने ठराव केला, गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने मोर्चे काढले. आदेश निघाला केव्हा? मार्च १९९४. कलम कागदावर आल्यापासून ३८ वर्षांनी.

पुढे पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळत गेली आणि ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. टाळेबंदीत कुणाला कळलंही नाही. सप्टेंबर २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा स्थापनेची शिफारस करायचं ठरवलं.

आता सांगा, यात राष्ट्रपतींनी काय केलं? काही नाही, आणि काही करताही येत नाही. राज्याने मागायचं, केंद्रीय गृहखात्याने फाइल हलवायची, मंत्रिमंडळाने सल्ला द्यायचा, मग राष्ट्रपतींच्या नावाने आदेश. आम्ही मात्र तेव्हा राष्ट्रपती भवनाला निवेदनांचे गठ्ठे पाठवायचो.

काळीमाती (कळंब)

काका, मंडळ असून तरी काय उजेड पडला? पैसा तर तवाबी पळवला.

गोदातीर (नांदेड)

पळवला की. पण किती पळवला हे मोजून छापणारं कुणी तरी होतं. राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देश होते, त्यावर विधानसभेत आमदाराला उभं राहता येत होतं. आता ओरडायला कागदच नाही.

दख्खनी

बाकी मराठवाड्याने घटनात्मक पदांवर माणसं कमी पाठवली नाहीत. शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष, नंतर पंजाबचे राज्यपाल. २००७ ला राष्ट्रपतिपदासाठी त्यांच्या नावाची चर्चा होती, डाव्यांनी नको म्हटलं आणि प्रतिभाताई झाल्या. शिवसेना तेव्हा रालोआत असूनही मराठी म्हणून त्यांच्या मागे उभी राहिली. फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे राजस्थानात राज्यपाल आहेत. पदं आली, पाणी नाही आलं. (सर, हे पक्षावर घसरणं धरू नका.)

धागा_पाहणारा (संपादन)

नाही धरत. पण ‘पाणी’ सुरू झालं की हा धागा जायकवाडीवर जातो आणि नगर-नाशिकवाले येतात, तेव्हा इथेच थांबा. जायकवाडीचे सात धागे वर आहेत.

बालाघाटी (अंबाजोगाई)

:) पदवीच्या अटीबद्दल कुणीच बोलत नाही?

काळीमाती (कळंब)

त्यात बोलायचं काय सर? १९९५ नंतर जन्मलेल्या सरपंचाला सातवी पास लागती. आमच्या शेजारच्या गावात दहावी नापास बाई सरपंच व्हती, तिनं तांडा पाण्यावर आणला. अन् एमए वाला आमच्यात व्हता, त्यो सहीचा शिक्का बायकोच्या नावानं भावाकडं ठिवायचा.

वकील_परभणी

कायद्यानेही नकोच. खासदाराला शिक्षणाची अट नाही आणि राष्ट्रपती व्हायला लोकसभेची पात्रता हवी, म्हणजे तर्क तिथेच तुटतो. पात्रतेत कडक काही केलंय ते सूचकांचं. १९६७ ला १७ उमेदवार होते, त्यानंतर सूचक-अनुमोदक दहा-दहा केले, १९९७ पासून पन्नास-पन्नास आणि अनामत १५,०००. हौशी लोक त्यात गळतात, आणि खरं सांगायचं तर अपक्ष विचाराची माणसंही.

हकालपट्टी मात्र खोलात बघण्यासारखी आहे. १४ दिवसांची नोटीस, आरोप मांडणाऱ्या सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. लोकसभेत मांडलं तर १३६ सह्या आणि ३६२ मतं. मग दुसरं सभागृह चौकशी करतं, तिथेही दोन तृतीयांश. आजवर कुणावर ही वेळ आलेली नाही.

त्यात तीन विचित्र गोष्टी आहेत. आमदारांची मतं निवडणुकीत जवळजवळ निम्मी, पण हटवताना त्यांना कुणी विचारत नाही. राज्यसभेच्या १२ नामनियुक्त सदस्यांचं उलट, निवडताना मत नाही, हटवताना आहे. आणि निवडणूक गुप्त मतदानाने, पक्षादेश चालत नाही. महाभियोग हे सभागृहातलं मतदान, तिथे पक्षादेश लागू होऊ शकतो. म्हणजे ज्याच्याकडे दोन्हीकडे दोन तृतीयांश आहेत त्या सरकारशी राष्ट्रपतींनी वाकडं घ्यायचं धाडस करूच नये अशी रचना.

सातमाळा (छत्रपती संभाजीनगर)

दक्षिण कोरियात हे दोन हातांत दिलंय. ३ डिसेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला, १४ तारखेला तिथल्या संसदेने महाभियोग मंजूर केला, पण अंतिम निकाल संविधान न्यायालयाचा. ४ एप्रिल २०२५ ला आठही न्यायमूर्तींनी एकमताने काढून टाकलं. आपल्याकडे आरोप लावणारे आणि निकाल देणारे दोघेही राजकारणी.

आणि श्रीलंका तर मुलांनी वाचायलाच हवी. १९७८ ला बलाढ्य राष्ट्राध्यक्ष आणला. २०१५ ला १९ व्या दुरुस्तीने अधिकार छाटले, २०२० ला २० व्या दुरुस्तीने परत दिले, २०२२ ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात घुसले, राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले, आणि त्याच ऑक्टोबरात २१ व्या दुरुस्तीने पुन्हा छाटले. दुहेरी नागरिकाला उभं राहता येईल की नाही, हेसुद्धा प्रत्येक वेळी उलटंपालटं.

गोदातीर (नांदेड)

आपल्याकडचा आणखी एक खड्डा. राष्ट्रपती गंभीर आजारी पडले तर? उपराष्ट्रपती काम बघतात, १९६१ ला राजेंद्रबाबूंच्या आजारपणात राधाकृष्णन यांनी पाहिलं. पण राष्ट्रपती शुद्धीवरच नसतील, तर ते असमर्थ आहेत हे ठरवणार कोण? कलम ६५ त्याबद्दल बोलत नाही. हकालपट्टीला कारण लागतं संविधानभंगाचं, आजार त्यात बसत नाही. अमेरिकेने यासाठी १९६७ ला वेगळी दुरुस्ती केली. मुलांनी एवढं एक कलम लिहिलं तरी विधेयक कामाचं.

बालाघाटी (अंबाजोगाई)

उशिरा येतोय, परीक्षेचं काम होतं. प्रतिसाद वर्गात लावले. दोन तास नुसता गोंधळ. नवीन मसुदा मुलांनी स्वतः लिहिलाय, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं :

थेट निवडणूक काढून टाकली (काळीमाती, तुमच्या ग्रामपंचायतीचा किस्सा निर्णायक ठरला, एक मुलगी म्हणाली आमच्याही गावात हेच). पदवीची अट काढली. फेटाळण्याचा अधिकार काढला, फेरविचाराला पाठवताना राष्ट्रपतींनी कारणं लेखी द्यावीत आणि ती प्रसिद्ध व्हावीत हे घातलं. परत बोलावण्याऐवजी : संसदेने आरोप मंजूर केल्यावर चौकशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींकडे. आजारपणासाठी वैद्यकीय मंडळ. ३७१ बद्दल : राज्याने शिफारस केली की सहा महिन्यांत राष्ट्रपतींचा आदेश, नाहीतर नकाराची कारणं संसदेपुढे. हे शेवटचं टाळ्या घेणार.

आणि विधेयकांवर निर्णयाला तीन महिने. इथे विरोधी बाकाच्या पोरीने सगळ्यांना गप्प केलं. तिने विचारलं, तीन महिन्यांत सही झाली नाही तर पुढे काय? संमती मिळाली असं धरायचं? मग राष्ट्रपती कशाला? नाही धरायचं? मग मुदत कशाला? मला नीट उत्तर देता आलं नाही.

सातमाळा (छत्रपती संभाजीनगर)

हुशार आहे. तिला माझ्यातर्फे शाब्बास. अवांतर : जुलै २०२७ च्या निवडणुकीत मतांची मूल्यं बदलतील का? जनगणना तर २०२७ लाच आहे.

वकील_परभणी

ताई, संविधानात नुसती जनगणना झालेली चालत नाही, तिचे आकडे प्रसिद्ध झालेले लागतात. मार्च २०२७ ची गणना, जुलैत निवडणूक. मला तरी १७५ च दिसतात.

सर, त्या मुलीसाठी. न्यायालयाने गृहीत संमती नाकारली ती आहे त्या संविधानात बसत नाही म्हणून. घटनादुरुस्तीने ती आणायला निदान ३६८ च्या यादीची अडचण नाही. १११, आणि राज्यांच्या विधेयकांच्या संमतीची २०० आणि २०१, तिन्ही कलमं राज्यांच्या मान्यतेच्या यादीबाहेर. पण मी दोन प्रकार वेगळे करीन. संसदेचं विधेयक असेल तर मुदत संपल्यावर संमती धरावी. राष्ट्रपतींना ते परत पाठवायचा मार्ग होता, त्यांनी वापरला नाही. राज्याचं विधेयक असेल तर तसं धरू नये, कारण केंद्राच्या कायद्याशी त्याचा विरोध असू शकतो. तिथे मुदत संपली की विधेयक विधानसभेकडे परत आलं असं धरावं.

दख्खनी

आणि विधानसभेने पुन्हा मंजूर करून पाठवलं की?

वकील_परभणी

तिथेच घोडं अडतं. संसदेने पुन्हा मंजूर केलेल्या विधेयकाला राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते, १११ मध्ये तसं लिहिलंय. २०१ मध्ये तसं नाही. विधानसभेने सहा महिन्यांत पुन्हा मंजूर केलं तरी ते फक्त पुन्हा राष्ट्रपतींपुढे जातं, आणि तिथे परत पडून राहू शकतं. सत्ताधारी बाकाने हे कलम उघडं ठेवलं तर ती पोरगी पहिल्या पाच मिनिटांत तिथेच बोट ठेवणार. त्यांना आधी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा सर. मी असतो तर नसतं सांगितलं.